चौकट जुनी, पोळे नवे

बदलापूरहून बारवी धरणाकडे निघाले की जलाशय दिसण्याआधी जंगल लागते. साग, ऐन, पळस, पांगारा, काटेसावर असा हा पानगळीचा पट्टा. एमआयडीसीने १९७२ मध्ये बारवी नदीवर धरण बांधले, पुढे त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवली, आणि आज अंबरनाथ-उल्हासनगरपासून ठाणे, मीरा-भाईंदरपर्यंत त्याचे पाणी जाते. धरणाची गोष्ट पाण्याच्या हिशेबात सांगितली जाते आणि ते साहजिक आहे. पण या डोंगरउतारांवर धरणाच्या कितीतरी आधीपासून कातकरी आणि ठाकूर वस्त्या जंगलावर जगत आल्या, आणि त्या जगण्यात काथ, लाकूड, कंदमुळे यांच्याबरोबर मध आणि मेणही होते. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने वनोपजाची जी व्याख्या केली, तिच्यात काथ जंगलात मिळो वा बाहेर, तो वनोपजच ठरला; मध आणि मेण जंगलात सापडले किंवा जंगलातून आणले तर वनोपज. कातकऱ्यांची ओळख ज्या काथावर उभी होती तो आणि मधाचे पोळे, दोन्ही सरकारच्या एकाच यादीत गेले. त्या यादीतली मध आणि मेण ही जोडी मला महत्त्वाची वाटते. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पोळे म्हणजे दोन मालांचे एक गाठोडे होते. पोळे कापायचे, पिळायचे, मध एका भांड्यात आणि चोथा वितळवून मेण दुसऱ्या भांड्यात. पोळे पुन्हा वापरता येईल, हा विचार त्या व्यवहारात बसतच नव्हता.

त्यात मध काढणाऱ्याचा दोष काढण्यासारखे काही नाही. आग्या माशी उंच फांदीला किंवा कड्याला एकच मोठे उघडे पोळे लावते आणि हंगाम सरला की दूर निघून जाते. ती पेटीत राहत नाही. तिच्या पोळ्यातला मधाचा गड्डा एका कडेला असतो, आणि जाणकार हात तेवढाच कापून पिल्लांचा भाग शाबूत ठेवू शकतो. सातेरी माशीची गोष्ट वेगळी. ती झाडाच्या ढोलीत, वारुळात, दगडाच्या कपारीत, अंधारात एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. ढोली फोडून हात घातला की मध, पराग, अंडी, अळ्या सगळे एकत्र बाहेर येते, आणि पिळताना अळ्यांचा रसही मधात उतरतो. तो मध लवकर आंबतो. वसाहत बहुधा उठून जाते. मेणाला मात्र गिऱ्हाईक कायम होते: ओतकाम करणारा कारागीर, दोऱ्याला मेण लावणारा चांभार, मलम बनवणारा वैद्य. म्हणजे पोळे मोडण्यालाही बाजारात किंमत होती, म्हणून ते मोडले जाई.

पोळे न मोडता मध घेण्याची युक्ती जगात चौदा वर्षांत तयार झाली. १८५१ साली फिलाडेल्फियात लॉरेन्झो लँगस्ट्रॉथ यांच्या ध्यानात आले की पेटीच्या भिंतीत आणि पोळ्याच्या चौकटीत एका बोटाहून कमी, साधारण साडेनऊ मिलिमीटर, फट ठेवली तर माश्या ती ना मेणाने भरतात ना डिंकाने बुजवतात. चौकट सुटी राहते आणि उचलता येते. १८५७ साली जर्मनीत योहानेस मेरिंग यांनी लाकडी साच्यात मेणाचा पातळ पत्रा दाबून त्यावर षटकोनी घरांचे ठसे उमटवले, हाच मेणपत्रा. १८६५ साली फ्रान्झ फॉन रुष्का यांनी पोळे गरगर फिरवून त्यातला मध बाहेर फेकणारे यंत्र दाखवले. तीन शोध तीन माणसांचे, पण उद्दिष्ट एकच: पोळे पेटीत परत जावे. चौकटीने ते उचलता आले, मेणपत्र्याने ते सरळ बांधले गेले, यंत्राने ते रिकामे करून परत ठेवता आले. हजारो वर्षे जो माल होता तो आता अवजार झाला. माझ्या मते मधमाशीपालनाच्या इतिहासातला हाच खरा वळणबिंदू आहे.

यापुढचे म्हणणे मात्र जरा वेगळे आहे. पोळे वाचवणे आणि तेच पोळे वर्षानुवर्षे चालवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसरी सवय युरोपीय माशीच्या अनुभवातून आली आणि पेटीबरोबर इकडे पोचली. सातेरीच्या पेटीत लाकडी चौकट अनेक वर्षांची, मधाचे पोळे काही वर्षांचे आणि पिल्लांचे पोळे फार तर एक-दोन हंगामांचे, असा तीन पायऱ्यांचा हिशेब करावा लागतो. सह्याद्रीतला पेटीचा इतिहास नीट वाचला तर तो हाच हिशेब पुन्हा पुन्हा पुढे करतो.

भारतात चौकटीची पेटी १८८० च्या दशकात आली. टपाल-तार खात्यातल्या जॉन डग्लस यांनी ती बंगालात आणि मग पंजाबात वापरून पाहिली, १८८४ साली त्यावर पुस्तकही लिहिले. ते प्रयत्न रुजले नाहीत. रुजली ती फादर न्यूटन यांची पेटी. १९११ ते १९१७ या काळात त्यांनी दक्षिणेत तिरुचिरापल्लीच्या बाजूला गावकऱ्यांना शिकवले, आणि त्यांचे मोठे काम म्हणजे त्यांनी पेटी लहान केली. युरोपीय माशीच्या वसाहतीला लागणारी जागा आपल्या माशीला नको असते. मोठ्या पेटीत ती सगळ्या चौकटी झाकू शकत नाही, आणि उघड्या पडलेल्या पोळ्यांवर किडा बसतो. पुढे १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला तेव्हा गांधीजी आणि संघाचे काम सांभाळणारे कुमारप्पा यांच्या कार्यक्रमात मधमाशीपालनाला जागा मिळाली. महाबळेश्वरला १९४६ पासून सरकारी कामाची घडी बसली, ते आजचे मध संचालनालय; आणि १९६२ साली पुण्यात खादी आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. डॉ. गो. ब. देवडीकर, चिं. वि. ठकार यांच्यासारख्यांनी तिथे सातेरीचा, म्हणजे आपल्याच माशीचा, अभ्यास केला. डोंगरातली आणि मैदानातली सातेरी अंगाने सारखी नसते हे मोजमाप करून दाखवले. त्याच १९६२ साली पंजाबात, आताच्या हिमाचलातल्या नगरोटा बगवां इथे, डॉ. अ. सिं. अटवाल यांनी युरोपीय माशी यशस्वीपणे बसवली. देशाच्या उत्तरेत परकी माशी स्थिरावत असताना सह्याद्रीत सातेरीवर काम चालले होते. या दोन वाटांचा फरक पुढे पोळ्याच्या प्रश्नावर दिसतो.

महाबळेश्वर-जावळी पट्ट्यात सातेरीची वसाहत पेटीत कशी भरतात, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ती विकत आणलेल्या मेणपत्र्यावर वाढत नाही, जंगलातून आणतात. ढोलीचे तोंड हळूहळू मोठे करायचे, थोडा धूर द्यायचा, आणि पोळी एकेक करून कापून बाहेर काढायची. मधाचा वरचा भाग बाजूला, पिल्लांचा भाग चौकटीच्या मापात बसेल असा छाटायचा. मग तो तुकडा रिकाम्या चौकटीत वरच्या पट्टीला टेकवून केळीच्या सोपटाने किंवा सुती दोऱ्याने बांधायचा. ढोलीत तो जसा उभा होता तसाच उभा, कारण घरांची तोंडे किंचित वर झुकलेली असतात. उलटा बांधला तर पोळे फुकट. राणी सापडली की बाकीच्या माश्या मागे येतात. दोन-तीन दिवसांत माश्या ताज्या मेणाने तुकडा पट्टीला चिकटवतात आणि मग दोरा कुरतडून तंतूतंतू करून पेटीच्या दारातून बाहेर टाकतात. ज्या चौकटीत मेणपत्रा कधी बसलाच नाही तिथे दहा-बारा दिवसांत चौकटभर पोळे झालेले असते. म्हणजे आपल्याकडच्या पेटीपालनाची सुरुवातच मेणपत्र्याशिवाय होते. मेणपत्रा ही नंतरची सोय आहे. सोयीची किंमत मोजून मग ती घ्यावी, एवढेच मागणे आहे.

आता जुन्या पोळ्याचे काय होते ते पाहू. प्रत्येक घरातून एक माशी जन्मली की तिच्या कोषाचे पातळ अस्तर आत राहते. पिढीमागून पिढी थर चढतात, घर आतून अरुंद होते, पोळे पिवळ्याचे तपकिरी आणि तपकिरीचे काळे होते. युरोपीय माशी ते बराच काळ चालवून घेते. घर फार लहान झाले की तिच्या कामकरी माश्याही लहान निघतात, हेही मोजून पाहिलेले आहे. सातेरी तेवढी सोशिक नाही. तिला ताजे पोळे लागते. चांगल्या वसाहतीत ती स्वतःच जुने पोळे खालून कुरतडून पाडते. पेटीचा तळ उचलला की काळसर भुगा दिसतो, नवखा मधपाळ त्याला कीड समजून घाबरतो. ते माशीचे घर-दुरुस्तीचे काम असते. दुबळी वसाहत हे करू शकत नाही, आणि तिथेच मेणकिडा शिरतो. मेणकिड्याबद्दलची एक गोष्ट या सगळ्या चर्चेची किल्ली आहे: त्याच्या अळीला निव्वळ मेणावर वाढता येत नाही. तिला कोषाची अस्तरे, परागाचे उरलेसुरले कण, पिल्लांच्या कातड्या लागतात. म्हणून ज्या पोळ्यात फक्त मध साठला ते पांढरे पोळे कोरड्या, हवेशीर जागी नीट राहते, आणि पिल्लांचे काळे पोळे काही आठवड्यांत जाळ्या-विष्ठेचा गोळा होते. त्यातून सातेरी डिंक गोळा करत नाही, फटी बुजवत नाही, आणि त्रास वाढला की घर सोडून जाणे हा तिचा स्वभाव. कोकणात जून ते सप्टेंबर फुलोरा थांबतो, वसाहत आटते, तिला झाकता येणार नाहीत एवढी जुनी पोळी पेटीत ठेवली की पावसाळ्याच्या शेवटी पेटी रिकामी सापडते. अशा वेळी माशी नादान म्हणून बोल लावला जातो. बहुतेकदा चूक चौकटींच्या संख्येची आणि पोळ्याच्या वयाची असते.

मेणपत्र्याचा प्रश्न मापाचाही आहे. युरोपीय कामकरी माशीच्या पत्र्यावरचे घर साधारण ५.४ मिलिमीटर रुंद छापतात. सातेरीचे घर पाच मिलिमीटरच्या आतले. मोठ्या ठशावर सातेरीला बांधायला लावले तर ती एक तर वेडीवाकडी घरे करते, नाहीतर नरांची घरे करते, कारण नराचे घर मोठेच असते. हे ओळखून आपल्याकडे सातेरीच्या मापाचे साचे झाले, तेही चांगलेच झाले. पण डोंगरातली सातेरी मैदानातल्या सातेरीपेक्षा मोठी असेल, तर सगळ्यांना एकच ठसा कसा बसणार? चौकटीच्या वरच्या पट्टीला बोटभर रुंदीची मेणपत्र्याची पट्टी लावली तर माशीला दिशा मिळते, पोळे चौकटीच्या बरोबर मध्ये उतरते, आणि खालची घरे ती आपल्या मापाने बांधते. फादर न्यूटन यांनी पेटीचे माप माशीकडे पाहून ठरवले. घराचे मापही तिच्यावरच सोडावे, हे त्याच धोरणाचे पुढचे पाऊल आहे.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे, आणि तो पैशाचा आहे. एक किलो मेण तयार करायला माशी सहा ते आठ किलो मध खाते, असे मधमाशीपालनाच्या पुस्तकांत दीडशे वर्षे सांगितले जाते. सातेरीची वसाहत वर्षाला पाच-दहा किलो मध देते. मग तिला दरवर्षी पोळी बांधायला लावणे म्हणजे मधपाळाच्या तोंडचा घास काढणे नव्हे काय? हा हिशेब मधाच्या कप्प्यापुरता मला पूर्ण मान्य आहे. एक किलो मेणाच्या पोळ्यात वीस किलोंच्या वर मध मावतो, म्हणजे दहा किलो मधासाठी अर्धा किलोच्या आत मेण लागते, आणि ते वाचवायचे तर वरच्या कप्प्यातली पोळी यंत्रातून काढून परत द्यावीत, तीन-चार वर्षे द्यावीत. त्यांत कोष नाहीत, किडा लागत नाही. पण हाच हिशेब पिल्लांच्या कप्प्याला लावताना एक गोष्ट सुटते. मेण स्रवणाऱ्या ग्रंथी साधारण बारा ते अठरा दिवसांच्या माशीत भरात असतात, आणि फुलोरा जोरात असताना अशा तरुण माश्या वसाहतीत भरपूर असतात. त्या काळात बांधायला जागा मिळाली तर पेटीत माश्यांची गर्दी कमी होते आणि वसाहत फुटण्याची घाईही ओसरते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा-काटेसावर फुललेली असताना बांधलेले पोळे आणि ऑगस्टच्या उपासमारीत साखरपाण्यावर बांधलेले पोळे यांची किंमत एक धरता येत नाही. आणि उठून गेलेल्या वसाहतीची किंमत तर त्या जुन्या सूत्रात कुठेच नाही.

दुसरा आक्षेप कामाचा आहे: मेणपत्रा नसलेले पोळे यंत्रात फुटते. नवे, पांढरे, उन्हाने मऊ झालेले पोळे जोरात फिरवले तर फुटते हे खरे. पण चौकटीत आडव्या दोन तारा ओढल्या तर माशी त्या पोळ्यात घेऊन टाकते, आणि पोळे चारी बाजूंनी चौकटीला जोडले गेले की साध्या हातयंत्राचा वेग ते सोसते. न्यूटनची चौकट लहान असण्याचा इथे फायदाच होतो. तिसरा आक्षेप नरांचा. मोकळे सोडले तर माशी नरांची घरे जास्त बांधते आणि फुकट खाणारे वाढतात, असे म्हणतात. सातेरी ती घरे बहुधा पोळ्याच्या खालच्या कडेला बांधते. त्यांच्या झाकणावर मधोमध बारीक छिद्र असते, त्यामुळे ओळखायला सोपी, नको असतील तर कापायला सोपी. शिवाय जंगलातून वसाहती आणून चालणाऱ्या व्यवसायात राणीला जोडीदार मिळतात ते याच नरांमधून. त्यांना निव्वळ खर्च मानण्याचा विचार मला पटत नाही.

रोगाचा मुद्दा जपून मांडायला हवा. १९९१-९२ नंतर थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या बहुसंख्य वसाहती संपवल्या. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूतले हजारो मधपाळ पेट्या रिकाम्या करून बसले. हा रोग जुन्या पोळ्यामुळे आला असे म्हणता येणार नाही; आजारी अळ्या साफ करणाऱ्या माश्या आणि त्यांनी भरवलेले अन्न यांतून तो पसरतो. पण तेव्हा जे उपाय सांगितले गेले त्यांत राणीला काही दिवस बंद ठेवून पिल्लांची साखळी तोडणे हा एक प्रमुख होता, आणि एका पेटीची चौकट दुसऱ्या पेटीला देण्याची सवय किती महाग पडते हे त्या साथीने शिकवले. पोळे अवजार मानले की ते उसने देणे सहज वाटते. युरोपीय माशीच्या जगात तर याची किंमत आणखी मोठी: अमेरिकन फाउलब्रूड या पिल्लांच्या रोगाचे बीजाणू जुन्या पोळ्यात आणि लाकडात दशकानुदशके जिवंत राहतात, आणि व्हॅरोआ नावाचा परजीवी माइट मारण्यासाठी पेटीत टाकलेली औषधे मेणात मुरतात. तेच मेण वितळवून पुन्हा पत्रे छापले की औषधही फिरून पेटीत येते. बाजारातल्या मेणपत्र्यात पॅराफिन मिसळले जाते ही वेगळीच डोकेदुखी. व्हॅरोआ हा मुळात सातेरीचाच सोबती. ती त्याच्याशी जमवून घेते, औषधावाचून. त्या माशीच्या पेटीत दुसऱ्या माशीच्या औषधांचे मेण घालण्याचे कारण दिसत नाही.

आज बारवीच्या परिसरासारख्या ठिकाणी हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात मध आणि मेण दोन्ही नाव घेऊन घातले आणि ते गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क जंगलात राहणाऱ्यांना दिला. २०१७ पासून खादी आयोगाचे हनी मिशन पेट्या वाटते आहे, राज्याच्या मध केंद्र योजनेत निम्मे अनुदान आहे, आणि २०२२ साली महाबळेश्वरजवळचे मांघर मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पेटी मिळते, चौकटी मिळतात, पहिल्या वर्षाचे मेणपत्रेही मिळतात. दुसऱ्या वर्षी काय, हे प्रशिक्षणात सांगितले जाते तेव्हा बहुधा नवे पत्रे विकत घ्या किंवा जुनी पोळी चालू ठेवा, असे दोनच रस्ते पुढे येतात. धरणाच्या कडेच्या वाडीतला माणूस, ज्याला पुण्याहून पत्रे मागवणे परवडत नाही, तो दुसरा रस्ता धरतो, आणि पावसाळ्यात पेटी गमावतो.

तिसरा रस्ता त्याच्या हातातच आहे. मध काढण्याआधी पिकलेल्या घरांवरची जी पांढरी झाकणे सुरीने उतरवतात, ती सर्वांत शुद्ध मेणाची असतात. काढलेल्या मधाच्या वजनाच्या एक-दोन टक्के तरी मेण त्यांतून निघते. दहा किलो मधामागे शंभर ते दोनशे ग्रॅम. काळी पिल्लांची पोळी वितळवली तर मेण कोषाच्या अस्तरांत मुरते आणि हाती थोडेच लागते. ती गाळून निघेल तेवढे चांभाराला, कारागिराला विकावे आणि बाकी जाळावे. झाकणांच्या मेणात ओली, गुळगुळीत फळी बुडवून काढली की पातळ पापुद्रा सुटतो, त्याच्या बोटभर पट्ट्या कापायच्या. एका चौकटीला काही ग्रॅमच पुरतात. दरवर्षी फुलोऱ्याच्या तोंडाशी पिल्लांच्या कप्प्यातल्या दोन किंवा तीन सर्वांत काळ्या चौकटी कडेला सरकवायच्या, त्यांतली पिल्ले निघून गेली की पोळे कापायचे, लाकूड खरवडून उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायचे, आणि नवी पट्टी लावून तीच चौकट मधोमध परत द्यायची. सागाची चौकट असेल तर असे पुष्कळ हंगाम ती काढते.